जमिनीलगतची डबी: आरव्हीतला गॅस अलार्म नेमकं काय मोजतो?

आरव्ही म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची, अंघोळीची सोय असलेलं चाकांवरचं घर. त्यात शेगडीच्या ओट्याखाली, साधारण घोट्याच्या उंचीवर, गॅस अलार्मची एक चपटी डबी भिंतीत बसवलेली असते. पुढे जाळी, एक हिरवा दिवा, एक बटण. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, बसवणाऱ्याची जागा चुकली. धुराचा अलार्म छताला असतो, मग हा पायाशी कशाला? तिथे येता-जाता लाथ लागते, कुत्र्याचे केस जाळीत अडकतात, फरशी पुसताना पाणी उडतं.

जागा बरोबर आहे, आणि ती ठरवली आहे प्रोपेननं, म्हणजे आरव्हीत शेगडीसाठी जाळतात त्या वायूनं. हवेचा सरासरी रेणुभार 29, प्रोपेनचा 44. म्हणजे हा वायू हवेपेक्षा दीडपट जड. सांध्यातून हळूहळू गळायला लागला, तर आधी खाली उतरतो, जमिनीवरून पसरतो, पलंगाखालच्या कप्प्यांत शिरतो आणि मग थर वर चढत जातो. नाकापर्यंत येईपर्यंत खाली पुरेसा साठलेला असू शकतो.

पुरेसा म्हणजे किती? हवेत प्रोपेनचं प्रमाण साधारण 2.1 टक्के झालं की ठिणगीनं ते मिश्रण पेटू शकतं. 9.5 टक्क्यांच्या वर गेलं तर पेटत नाही, कारण ऑक्सिजन कमी पडतो. सात मीटर लांब, 2.4 मीटर रुंद आणि दोन मीटर उंच अशी राहण्याची जागा धरली, तर आतली हवा साधारण 33 घनमीटर भरते. ती सगळी पेटण्याजोगी व्हायला सव्वा किलोच्या आसपास प्रोपेन लागेल. बाहेर टांगलेल्या साध्या सिलिंडरमध्ये नऊ किलो असतो. पण खरी भीती सगळी हवा भरण्याची नाही. गॅस तळाच्या एक फुटाच्या थरातच राहिला, तर दोनशे ग्रॅम पुरतात. आणि ठिणग्या नेमक्या त्याच उंचीवर असतात: पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, फ्रिजची ज्योत.

हो, फ्रिजची ज्योत. आरव्हीतले अनेक फ्रिज प्रोपेन जाळून थंड होतात. ज्योतीच्या उष्णतेनं अमोनियाचं द्रावण उकळतं, अमोनिया वेगळा होतो, पुढे द्रवरूप होऊन पुन्हा बाष्पीभवन पावताना उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर नाही, आवाज नाही. युक्ती सुंदर आहे, पण त्यामुळे शेगडी, गरम पाण्याची टाकी, हीटर आणि फ्रिज अशा चार जागी प्रोपेनची नळी जाते, आणि प्रत्येक सांध्याला रस्त्यावरचे हादरे बसतात. घरातली गॅसची नळी वर्षानुवर्षं जागची हलत नाही. इथे ती रोज प्रवास करते.

प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो त्यात मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा. जळाऊ वायूंना वास देण्याची सक्ती येण्यामागे 18 मार्च 1937 ची टेक्सासमधल्या न्यू लंडन गावची घटना आहे. शाळेच्या इमारतीखाली बिनवासाचा नैसर्गिक वायू साठला, स्फोट झाला आणि तीनशेच्या आसपास मुलं आणि शिक्षक मेले. वास ही त्यानंतरची सोय, आणि चांगली सोय आहे. अडचण माणसाच्या नाकाची. एकाच वासात थोडा वेळ बसलं की तो जाणवेनासा होतो, सर्दी झाली की येतच नाही, आणि झोपेत त्यानं जाग येईल याचा भरवसा नाही. डबी हवी ती म्हणून.

डबीतलं प्रोपेनचं नाक वास घेतच नाही. बहुतेक डब्यांत टिन ऑक्साइडचा एक मणी असतो आणि आतली बारीक तार त्याला तीनशे-चारशे अंशांपर्यंत तापवत ठेवते. गरम पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि मण्यातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, त्यामुळे विजेला रोध वाढतो. प्रोपेन आला की तो या ऑक्सिजनशी संयोग पावतो, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध एकदम उतरतो. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी 1962 मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. स्फोटाच्या खालच्या मर्यादेचा पाव हिस्सा गाठायच्या आत, म्हणजे हवेत अर्ध्या टक्क्याच्या सुमारास, अलार्म वाजलाच पाहिजे अशी अपेक्षा असते. इथे वेळेचा हिशेब नाही. प्रमाण ओलांडलं की वाजला.

या मण्याची खोड अशी की तो निवडक नाही. हेअरस्प्रे, स्पिरिट, नेलपॉलिश काढायचं द्रावण, उन्हात तापलेल्या बंद गाडीत नव्या फर्निचरच्या गोंदाची वाफ, या सगळ्यांनी त्याचा रोध उतरतो. सिलिकॉनची वाफ त्याहून वाईट; ती मण्यावर थर धरते आणि त्याला कायमचा बधिर करते. शिवाय मणी तापता ठेवायला वीज लागते. दहावा भाग अँपिअर धरला तर दिवसाला 2.4 अँपिअर-तास. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी तीन आठवड्यांत निम्म्यावर येते. गाडी हिवाळाभर उभी करणारे लोक म्हणून फ्यूज काढून ठेवतात. ते ठीकच. उन्हाळ्यात पहिल्या मुक्कामाला फ्यूज परत लावायचा राहतो, तिथे घोटाळा होतो. हिरवा दिवा दिसत नसेल तर डबी म्हणजे भिंतीवरचं प्लास्टिक.

आता दुसरा वायू. कार्बन मोनॉक्साइड, बोलताना सीओ. तो नळीतून गळत नाही, तो जळण्यात तयार होतो. इंधनातल्या कार्बनला पुरेसा ऑक्सिजन मिळाला तर कार्बन डायऑक्साइड होतो. कमी पडला तर काम अर्ध्यावर राहतं. रंग नाही, वास नाही, घशाला खवखव नाही. रेणुभार 28, म्हणजे हवेच्या अगदी जवळ. त्यामुळे सीओ छताला जातो किंवा जमिनीवर बसतो हे दोन्ही समज चुकीचे. तो हवेत मिसळतो. त्याचा डिटेक्टर कुठल्या उंचीवर आहे याला फार महत्त्व नाही, झोपण्याच्या जागेजवळ आहे ना हे महत्त्वाचं. एकाच डबीत दोन्ही डिटेक्टर असतील तर ती खालीच बसवतात, कारण प्रोपेनला पर्याय नाही, सीओला चालतं.

सीओ शरीरात काय करतो हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी 1857 मध्ये दाखवलं: तो तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनची जागा बळकावतो. त्याची पकड ऑक्सिजनच्या दोनशेपट आणि वर. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी 1890 च्या दशकात हा वायू स्वतः हुंगून लक्षणं टिपली. खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी नेण्याचा सल्लाही त्यांचाच. छोट्या जिवाचा श्वास जलद, म्हणून तो माणसाआधी कोसळतो. ब्रिटनच्या खाणींतून कॅनरी निवृत्त झाल्या त्या थेट 1986 मध्ये.

खरं विष या पकडीच्या चिवटपणात आहे. साध्या हवेत श्वास घेतला तर रक्तातला निम्मा सीओ बाहेर पडायला चार ते सहा तास लागतात. रात्रभर थोडा-थोडा आत येत राहिला, तर उधारीच्या खात्यासारखी बाकी चढत जाते. फेड होते त्यापेक्षा भर जास्त. सकाळी डोकं दुखतं, मळमळतं, अंगात त्राण नसतं, आणि माणूस म्हणतो की फ्लू आलाय. खिडकी लावून पुन्हा झोपतो.

म्हणूनच सीओचा अलार्म हवेतलं प्रमाण नुसतं मोजून थांबत नाही. रोनाल्ड कोबर्न, रॉबर्ट फॉर्स्टर आणि केन या संशोधकांनी 1965 मध्ये एक समीकरण मांडलं: हवेत इतका सीओ, इतका वेळ, श्वासाचा वेग इतका, तर रक्तात किती साचेल. अमेरिकेतल्या यूएल 2034 या मानकाच्या वेळा याच विचारावर बेतल्या आहेत, रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी दहा टक्क्यांच्या आसपास सीओनं अडवण्याआधी आवाज व्हावा या बेतानं. दशलक्षात 70 भाग असतील तर अलार्म एक ते चार तासांत वाजायचा. 150 असतील तर 10 ते 50 मिनिटांत, 400 असतील तर 4 ते 15 मिनिटांत. डबीतली चिप सतत हा हिशेब धरून असते. प्रोपेनच्या बाबतीत डबी हवेकडे पाहते. सीओच्या बाबतीत ती, रक्ताचा थेंबही न घेता, तुमच्या रक्ताचा अंदाज बांधते.

हे न कळल्यानं लोक चिडतात. कुणी जनरेटर सुरू होताच डबी गप्प बसलेली पाहून ती नादुरुस्त ठरवतो. कुणी दुसरा, आकडा दाखवणारा मीटर शेजारी ठेवतो आणि 30 दिसत असताना अलार्म का वाजत नाही म्हणून विचारतो. मानकच सांगतं की दशलक्षात 30 ला महिनाभरही वाजू नये. यामागे खोट्या अलार्मची भीती आहे, लोक कंटाळून डबीच उपटतात ही खरी गोष्ट आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये चोवीस तासांसाठी सुचवलेली मर्यादा घनमीटरमागे 4 मिलिग्रॅम, म्हणजे दशलक्षात साडेतीनच्या आसपास आहे. गरोदर बाई, तान्हं मूल किंवा हृदयाचा रोगी गाडीत असेल, तर माझ्या मते आकडा दाखवणाऱ्या डबीचे जास्तीचे पैसे वाया जात नाहीत.

सीओ मोजणारा भाग तापत नाही. तो एक छोटा विद्युतरासायनिक घट असतो. जाळीतून आलेला सीओ एका इलेक्ट्रोडवर पाण्याच्या रेणूशी मिळून कार्बन डायऑक्साइड बनतो आणि दोन इलेक्ट्रॉन सोडतो. दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन ते घेतो. वाहणारा प्रवाह नॅनोअँपिअरमध्ये मोजण्याइतका, पण सीओच्या प्रमाणात. घटातलं आम्लाचं द्रावण वर्षांच्या ओघात कोरडं पडतं, उत्प्रेरक थकतो. पाच ते दहा वर्षांनी डबी बदलावीच लागते, आणि तारीख मागच्या बाजूला छापलेली असते. 'टेस्ट' बटण दाबून आवाज आला म्हणजे घट जिवंत आहे असं नव्हे. बहुतेक डब्यांत ते बटण फक्त भोंगा आणि वीज तपासतं.

या घटाचीही एक खोड आहे, आणि आरव्हीत ती हमखास भोवते. त्याला हायड्रोजन आणि सीओ यांतला फरक नीट कळत नाही. रात्री दोन वाजता सीओचा अलार्म वाजतो. जनरेटर बंद, शेगडी बंद, हीटर बंद. खिडक्या उघडल्या की गप्प, तासाभरानं पुन्हा सुरू. मालक डबीला शिव्या देतो. मग कुणीतरी पलंगाखालचं झाकण उचलतं: शिशाची बॅटरी हाताला गरम, कडेनं फुगलेली, टोपणांभोवती ओल आणि कुजक्या अंड्याचा वास. चार्जर जास्त व्होल्ट देत राहिला, पाण्याचं विघटन झालं, हायड्रोजन आत पसरला. याला खोटा अलार्म म्हणायला मी तयार नाही. डबीनं नाव चुकीचं घेतलं, इशारा योग्य दिला. हायड्रोजन हवेत चार टक्के झाला की तोही पेटतो.

खऱ्या सीओचे स्रोत मोजके आहेत. पहिला जनरेटर, स्वतःचा किंवा शेजारच्या गाडीचा. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेचं काम पाहणारी अमेरिकी संस्था सांगते की एक सुटा जनरेटर शेकडो मोटारींइतका सीओ ओकतो. एक्झॉस्टच्या पाइपला तडा गेला, वारा उलटा फिरला किंवा धूर गाडीतून बाहेर सरकवता येणाऱ्या खोलीच्या फटीतून आत आला की झालं. बर्फानं पाइपचं तोंड बुजणं हा हिवाळ्यातला प्रकार. हीटरच्या जाळीत गांधीलमाशीनं घर केलं तरी हवा अडते. आणि गारठ्यात शेगडी पेटवून ऊब घेणं, हा सगळ्यात जुना मूर्खपणा. ज्योत निळी असताना सीओ थोडाच होतो, पण बंद गाडीतला ऑक्सिजन खर्ची पडत जातो तशी ती पिवळट होते.

अलार्म वाजला तर आधी माणसं बाहेर. सीओचा अलार्म सहसा चार टिटकारे आणि मध्ये विराम अशा ठेक्यात वाजतो, धुराचा तीनांच्या. प्रोपेनचा असेल तर दिव्याचं बटणसुद्धा चालू-बंद करू नये, पंखा लावून हवा काढायच्या फंदात पडू नये. दार उघडं टाकून बाहेर पडावं आणि सिलिंडरची चावी बाहेरून बंद करावी. सगळे बाहेर आले का ते मोजावं, कारण सीओनं गुंगलेला माणूस स्वतःहून उठत नाही.

दवाखान्यात गेलात तर 'अलार्म सीओचा होता' हे सांगायला विसरू नका, विचारलं नाही तरी. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तांबडा आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांवर चालतो. सीओ चिकटलेलं हिमोग्लोबिन तांबड्या प्रकाशाला जवळपास ऑक्सिजनवाल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं, त्यामुळे रक्ताचा पाव हिस्सा अडलेला असतानाही यंत्र 98 दाखवू शकतं. खरी बाकी कळायला रक्त काढून को-ऑक्सिमीटरवर, म्हणजे सीओ चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं मोजणाऱ्या यंत्रावर, तपासावं लागतं. मग मास्कनं शुद्ध ऑक्सिजन देतात, आणि चार ते सहा तासांचा तो निम्मा होण्याचा काळ दीड तासाच्या आत येतो.