काल्पनिक कोळसा लाइनीमागचा खरा इतिहास

अमेरिकेतले मॉडेल रेल्वेवाले (घरात छोट्या रेल्वेच्या प्रतिकृती उभारणारे हौशी) ज्या लाइनीला 'फ्रीलान्स' म्हणतात, ती नकाशावर कधीच नसते. तिचं नाव, खाणीचं गाव, इंजिनांचे नंबर हे सगळं बनवणाऱ्याच्या मनातलं. तरीही अशा लाइनीसाठी नॅरोगेजवरची (दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, कमी असलेली) कोळसा वाहतूक पुन्हापुन्हा निवडली जाते. त्याचं कारण खऱ्या रेल्वेच्या जमाखर्चात सापडतं.

वेल्समधल्या फेस्टिनिओग रेल्वेच्या जेमतेम दोन फुटी रुळांवरून 1836 पासून स्लेटचा दगड बंदरावर यायचा. भरलेल्या वाघिणी उतारावरून आपोआप खाली येत आणि रिकाम्या घोडे वर ओढून नेत. 1863 मध्ये तिथं वाफेची इंजिनं आली. 1870 च्या चाचण्यांत अभियंता फेअरली यांच्या 'लिटल वंडर' इंजिनानं लांबलचक गाड्या ओढून दाखवल्या आणि नॅरोगेजची कीर्ती जगभर पसरली. अमेरिकेत रेल्वे प्रवर्तक पामर यांनी 1871 मध्ये डेन्व्हर अँड रिओ ग्रांद रेल्वेचं काम तीन फुटी गेजवर सुरू केलं. डोंगर कमी फोडावे लागतात, वळणं आवळून घेता येतात, रूळ हलके चालतात. भांडवल तोकडं असलेल्या प्रवर्तकांना आणखी काय हवं होतं? पण मोठ्या गेजशी गाठ पडली की सगळा माल उतरवून पुन्हा भरावा लागे. त्या खर्चानं बहुतेक लाइनी खचल्या. कुठं रूळ रुंद केले, कुठं उखडले.

पेनसिल्व्हेनियातली ईस्ट ब्रॉड टॉप ही रेल्वे मात्र तगली, आणि माझ्या मते फ्रीलान्स लाइन आखणाऱ्यानं सर्वांत आधी अभ्यासावी ती हीच. 1873–74 मध्ये ही तीन फुटी लाइन माउंट युनियनपासून रॉबर्ट्सडेलच्या खाणींपर्यंत पोचली. पुढं 1911 ते 1920 दरम्यान बाल्डविन कारखान्यातून मिकाडो प्रकारची सहा वाफेची इंजिनं आली. पोलादी हॉपर वाघिणी (तळातून माल ओतणाऱ्या) लाइनीच्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बनू लागल्या. माउंट युनियनला कोळसा धुऊन-निवडून देणारा कारखाना होता. सफाईसाठी कोळसा तिथं ओतावाच लागे, मग तो स्टँडर्ड गेजच्या (तिथल्या नेहमीच्या रुंद मापाच्या) वाघिणीत भरायला वेगळा खर्च कसला? ज्या अडचणीनं इतर लाइनी बुडाल्या, ती इथं कामाचाच भाग झाली. शिवाय लाकूड चढवायच्या क्रेननं मोठ्या वाघिणी उचलून त्यांच्याखाली नॅरोगेजच्या बोगी (चाकांच्या चौकटी) सरकवत. 1956 मध्ये कोळशाची मागणी आटल्यावर लाइन बंद पडली. भंगारवाले निक कोवालचिक यांनी ती विकत घेतली, पण मोडली नाही. 1960 मध्ये पर्यटकांसाठी तिच्यावर पुन्हा गाडी धावली.

मॉडेलवाल्यांची परंपरा वेगळ्या वाटेनं आली. 1940 च्या दशकात फ्रँक एलिसन यांनी लेआउटला, म्हणजे मांडलेल्या मॉडेल रेल्वेला, रंगमंच मानलं आणि गाड्यांना पात्रं. जॉन अ‍ॅलन यांनी कॅलिफोर्नियात आपल्या काल्पनिक डोंगररेल्वेला विलक्षण देखावा दिला. अ‍ॅलन मॅक्लेलंड यांची व्हर्जिनियन अँड ओहायो स्टँडर्ड गेजची होती, पण अ‍ॅपलाचिया या पूर्व अमेरिकेतल्या डोंगराळ भागातला कोळसा वाहणारी आणि खोलीबाहेरच्या खऱ्या रेल्वेजाळ्याशी जोडलेली. वाघीण कुठून आली आणि कुठं जाणार, हा प्रश्न त्यांनी केंद्रस्थानी आणला. तो विचारलाच नाही, तर कोळशाची गाडी नुसती गोल फिरत राहते.

हे सगळं घरात मावलं ते मापांच्या एका जुळणीमुळं. 1:48 प्रमाणात अडीच फुटी गेज जवळपास एचओ या लोकप्रिय मॉडेल मापाच्या (1:87) 16.5 मिलिमीटर रुळांएवढं येतं. (अडीच फूट म्हणजे अभियंता कॅलथ्रॉप यांच्या आपल्याकडच्या बार्शी लाइट रेल्वेचंच गेज!) 1998 मध्ये बाकमन या मॉडेल कंपनीनं या 'ओएन-30' मापात तयार गाडी बाजारात आणली आणि सगळं हातानं बनवण्याची सक्ती संपली. तीन फुटीचा आग्रह धरणारे मात्र अजूनही एचओ प्रमाणातले 10.5 मिलिमीटरचे रूळ घालतात.

कोळसा लाइनीची मला सर्वांत आवडणारी युक्ती पडद्यामागची आहे. खाण एका बाजूला आणि कोळसा रिकामा करण्याचं ठिकाण पडद्याच्या पलीकडं ठेवतात, मधून लपलेले रूळ आरपार जातात. खाणीत ढकललेल्या रिकाम्या वाघिणी पलीकडं रिकाम्याच निघतात, पलीकडून आत ढकललेल्या भरलेल्या वाघिणी खाणीतून भरून बाहेर येतात, आणि एक दाणाही हातानं भरावा लागत नाही.