होलोटाइप म्हणजे ‘आदर्श नमुना’ नव्हे

गेल्या पावसाळ्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका प्रदर्शनात कीटकांच्या पेटीवर फलक होता: ‘होलोटाइप – त्या जातीचा सर्वांत आदर्श नमुना’. हेच वाक्य मी प्रकल्पवह्यांत वाचलंय, भाषणांत ऐकलंय. ते चूक आहे (होलोटाइप म्हणजे जातीचं नाव ज्याला बांधलेलं असतं तो एकच नमुना), आणि एकदा ते डोक्यात बसलं की पुढचं सगळं चुकत जातं.

दोष थोडा शब्दांचाही आहे. ‘त्या टाइपचं फुलपाखरू’ म्हणताना आपल्याला ‘तशा प्रकारचं’ म्हणायचं असतं. ‘नमुना’ म्हणजे वानगीही आणि आदर्शही. हे दोन शब्द शेजारी आले की वाटतं, ही शितावरून भाताची परीक्षा.

प्रातिनिधिक नमुना सर्वांना ठाऊक आहे. जातीची नेहमीची ठेवण, रंग, आकार दाखवणारा. त्यासाठी नर, मादी, वेगवेगळ्या ऋतूंतले आणि गावांतले बरेच नमुने लागतात, एक पुरत नाही. इतकंच.

होलोटाइपचं काम निराळं. नव्या जातीला नाव देणारा अभ्यासक एकच कीटक नेमून सांगतो: हे नाव याचं. १९९९ नंतरच्या कुठल्याही नव्या जातीचं नाव टाइप, म्हणजे नावाला बांधलेला असा नमुना, स्पष्टपणे नेमल्याशिवाय ग्राह्य धरलंच जात नाही. तो कीटक टाचणीवर, बहुधा लाल चिठ्ठीसह, संग्रहालयात जातो. त्याचा पाय तुटलेला असो, पंख फाटका असो, तो भावंडांत सर्वांत खुजा असो, होलोटाइप तोच. नंतर देखणा नमुना सापडला म्हणून अदलाबदल करता येत नाही. चतुरांचे रंग तर मेल्यावर काळवंडतात. त्यांच्या जुन्या होलोटाइपमध्ये जिवंतपणीचा रंग शोधूच नये. (पॅराटाइप म्हणजे त्याच वर्णनात सोबत नोंदलेले इतर नमुने. नाव त्यांना बांधलेलं नसतं.)

मी हे असं सांगतो: नाव म्हणजे दावं, होलोटाइप म्हणजे खुंटी. कुरणाची हद्द अभ्यासागणिक मागेपुढे सरकते. खुंटी हलत नाही.

आपल्याच गोव्यातला चतुर घ्या. इडिओनिक्स गोमांतकेन्सिस ही जात २०१३ मध्ये इथूनच नोंदली गेली, नावातच गोमंतक आहे. या गटातल्या जाती ओळखताना नराच्या पोटाच्या टोकावरचे चिमटे बघावे लागतात. समजा, उद्या कळलं की सह्याद्रीत या नावाखाली प्रत्यक्षात दोन जाती उडताहेत. मग गोमांतकेन्सिस कोण? जी जास्त दिसते ती नव्हे, जिचे फोटो जास्त आहेत तीही नव्हे. होलोटाइपचे चिमटे ज्या जातीशी जुळतील तिचंच ते नाव, मग ती एकाच ओढ्यावर का सापडेना. दुसरीला नवं नाव शोधावं लागेल. म्हणून तर जुने टाइप जपायचे. भारतीय फुलपाखरांचे कितीतरी टाइप लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत, आणि शंका आली की इथल्या अभ्यासकाला टाचणीवरच्या त्या एका कीटकाचेच फोटो मागवावे लागतात. शंभर सुरेख फोटोंचं पुस्तक तिथं उपयोगी पडत नाही.

उलटं उदाहरण परसातल्या कडीपत्त्यावर आहे. तिथं वाढणाऱ्या कॉमन मॉर्मन या फुलपाखराच्या माद्या तीन रूपांच्या: एक नरासारखी, एक कॉमन रोझ या दुसऱ्या फुलपाखराची नक्कल करणारी, एक क्रिमझन रोझ या तिसऱ्याची. ही तिसरी इतकी वेगळी दिसते की अठराव्या शतकातला डच अभ्यासक क्रामर याने तिला पापिलिओ रोम्युलस हे स्वतंत्र जातीचं नाव दिलं. पुढे उमगलं की ती सगळी एकाच जातीची. म्हणजे एका कुरणात दोन खुंट्या. अशा वेळी जुनं नाव राहतं: स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ मध्ये दिलेलं पापिलिओ पॉलिटेस. आता सांगा, या जातीचा ‘आदर्श नमुना’ कोणता? नर? तिघींपैकी कुठली मादी? प्रातिनिधिक संच करायचा तर चौघांनाही पेटीत जागा द्यावी लागेल. नावाला मात्र एक खुंटी पुरते.

मराठीत लिहायचं तर मी ‘नामधारक नमुना’ लिहितो. शब्द बोजड आहे, पण काम नेमकं सांगतो. प्रदर्शनातल्या त्या फलकावर ‘सर्वांत आदर्श’ खोडून एवढा एक शब्द लिहिला असता तरी चाललं असतं.