तुपातलं ब्युटिरेट आणि आतड्यातलं ब्युटिरेट

रविवारी इंदूरच्या आमच्या घरी दाल-बाफल्यांचा बेत असला की आत्या बाफला तुपात बुडवून पानात वाढते. "खा, तुपात ब्युटिरेट असतं, आणि ब्युटिरेट आतड्याला चांगलं." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण एकीचा दुसरीशी फारसा संबंध नाही, आणि ते समजून घ्यायलाच हवं.

ब्युटिरेट म्हणजे ब्युटिरिक आम्लाचंच रूप. हे आम्ल पहिल्यांदा लोण्यात सापडलं, म्हणून नावही लोण्याच्या लॅटिन नावावरून पडलं. दुधाच्या स्निग्धांशात ते साधारण ३ ते ४ टक्के असतं. मोठा चमचाभर तुपात जेमतेम अर्धा ग्रॅम. तिथे ते ग्लिसरॉल नावाच्या रेणूला बांधलेलं असतं; सुटलं की तुपाला खवट वास येतो. पोटात गेल्यावर पाचक रस त्याला सोडवतात, जठरात आणि लहान आतड्यातच ते शोषलं जातं आणि यकृताकडे जातं. मोठ्या आतड्यापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही.

आणि गरज तर तिथेच असते! मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सुमारे ७० टक्के ऊर्जा ब्युटिरेटपासून मिळवतात. ते जाळताना त्या ऑक्सिजन वापरून टाकतात, त्यामुळे आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन कमी राहतो आणि बऱ्याच उपद्रवी जिवाणूंना तिथे फोफावता येत नाही. २०११ साली जिवाणूविरहित वाढवलेल्या, म्हणून आतड्यात ब्युटिरेट फारसं न बनणाऱ्या उंदरांमध्ये दिसलं की या पेशी उपाशी पडून स्वतःचेच घटक पचवू लागतात. ब्युटिरेट मिळालं की ते थांबतं.

हे ब्युटिरेट तिथल्या तिथे बनतं. त्याचा कच्चा माल त्याच पानात असतो, पण तुपात नव्हे, शेजारच्या डाळीच्या वाटीत. तुरीच्या डाळीतल्या रॅफिनोज, स्टॅकिओजसारख्या शर्करा आणि तंतू आपल्याला पचत नाहीत. काही जिवाणू ते आधी फोडतात, आणि त्यांचं उष्टं फिकॅलीबॅक्टेरियम, रोझब्युरियासारखे जिवाणू खाऊन ब्युटिरेट करतात. रात्रीच्या गार भाताचा फोडणीचा भातही इथे कामी येतो: भात गार होताना थोडा स्टार्च असा घट्ट बसतो की तो न पचता खाली जातो.

डाळीनं पोट गुबारतं ते जिवाणूंच्या याच आंबवण्यामुळे. म्हणून कमी डाळ खाणाऱ्यांनी एकदम वाटीभर नको, आठवड्या-आठवड्यानं थोडी थोडी वाढवावी.