समानार्थी शब्दांतून इंग्रजी शब्दसंग्रह

ओळखीच्या इंग्रजी शब्दाचे बोट धरून त्याच अर्थाच्या आसपासचे, कमी परिचित शब्द शिकत जाण्याची अभ्यासपद्धती. ‘बिगिन’ येत असलेला विद्यार्थी त्यावरून ‘कमेन्स’ शिकतो, ‘हाउस’वरून ‘रेसिडेन्स’कडे आणि ‘अँग्री’वरून ‘फ्युरिअस’कडे जातो. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या आणि सैन्यदलांच्या प्रवेशपरीक्षांत समानार्थी शब्दांवर थेट प्रश्न असतात. त्यामुळे महाराष्ट्रातल्या अनेक मुलांना ही पद्धत पहिल्यांदा भेटते ती दोन रकान्यांच्या यादीत: डावीकडे शब्द, उजवीकडे पर्याय, मधे बरोबरचे चिन्ह. घोटाळा त्या चिन्हापासून सुरू होतो. दोन शब्द शेजारी ठेवायचे ते त्यांच्यातला फरक दिसावा म्हणून, आणि यादी नेमका तोच फरक पुसून टाकते.

इंग्रजीत एकाच अर्थाभोवती इतके शब्द का जमले, याचे उत्तर इतिहासात आहे. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्जची लढाई जिंकली आणि इंग्लंडचा दरबार व उमराव वर्ग फ्रेंच बोलू लागला. न्यायालयांतही फ्रेंच शिरली. तिथले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा व्हायला १३६२ साल उजाडले. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत विद्वानांनी लॅटिनमधून शब्दांची भर घातली. म्हणून कित्येक कल्पनांना इंग्रजीत तीन थरांचे शब्द मिळतात: तळाशी जुना इंग्रजी, मधे फ्रेंच, वर लॅटिन. विचारणे या क्रियेसाठी ‘आस्क’, ‘क्वेश्चन’ आणि ‘इंटरॉगेट’. राजाशी निगडित या अर्थी ‘किंगली’, ‘रॉयल’ आणि ‘रीगल’. वर जाण्यासाठी ‘राइज’, ‘माउंट’ आणि ‘असेंड’. आई मुलाला ‘आस्क’ करते, पोलीस संशयिताला ‘इंटरॉगेट’ करतात. वरच्या थराकडे जावे तसा शब्द बहुधा औपचारिक आणि थोडा थंड होत जातो.

मराठी माणसाला ही रचना परकी वाटायचे कारण नाही. आपल्याकडेही घरगुती शब्द, संस्कृत शब्द आणि फारसी-अरबीतून आलेले शब्द एकमेकांवर रचलेले आहेत. तहान लागल्यावर कोणी ‘जल’ मागत नाही, आणि सरकारी खात्याच्या पाटीवर ‘जलसंपदा’च्या जागी ‘पाणीसंपदा’ चालणार नाही. ‘बायको’ आणि ‘पत्नी’, ‘सही’ आणि ‘स्वाक्षरी’ यांतली निवड आपण विचार न करता करतो. इंग्रजी कायद्याच्या भाषेत ‘विल अँड टेस्टामेंट’, ‘गुड्स अँड चॅटल्स’ अशा जोड्या आहेत, त्यात एक शब्द मूळ इंग्रजी आणि दुसरा लॅटिन किंवा फ्रेंचमधून आलेला. आपले ‘धनदौलत’ आणि ‘कागदपत्र’ याच घडणीचे आहेत. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांनी केलेला राज्यव्यवहारकोश तर फारसी शब्दांसमोर संस्कृत पर्याय ठेवण्यासाठीच रचला गेला. वरच्या इयत्तेत इंग्रजी पर्याय शिकवताना मराठीतली ही जाण आधी जागी केली, तर अर्धे काम तिथेच होते.

पर्यायांतला फरक सांगणारी पुस्तके युरोपात अठराव्या शतकापासून दिसतात. फ्रेंच पंडित गॅब्रिएल जिरार यांनी १७१८ मध्ये फ्रेंच समानार्थी शब्दांवर पुस्तक काढले आणि वरवर सारखे दिसणारे शब्द कुठे वेगळे होतात ते दाखवले. इंग्रजीत हेस्टर लिंच पिओझी यांचे ‘ब्रिटिश सिनोनिमी’ १७९४ मध्ये आले. त्यांचे पती इटालियन होते आणि इंग्रजी शिकणारे परदेशी लोक लेखिकेच्या नजरेसमोर होते. आपल्या दृष्टीने या पुस्तकाचे मोल त्यातच आहे. १८१६ मध्ये जॉर्ज क्रॅब यांचा समानार्थी शब्दांचा कोश प्रसिद्ध झाला.

सर्वांत गाजला तो पीटर मार्क रॉजे (१७७९–१८६९) यांचा ‘थिसॉरस’, म्हणजे अर्थानुसार लावलेला शब्दसंग्रह. रॉजे पेशाने डॉक्टर. १८०५ मध्ये त्यांनी स्वतःच्या लेखनासाठी शब्दांची वर्गवारी तयार केली, आणि १८५२ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, ती वाढवून छापली. शब्द वर्णानुक्रमे न लावता त्यांनी ते सहा मोठ्या वर्गांत आणि हजार शीर्षकांखाली मांडले. एक गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी: या ग्रंथात शब्दांचे अर्थ दिलेले नाहीत. ज्याला शब्द माहीत आहे पण ऐन वेळी आठवत नाही, त्याच्यासाठी तो आहे. शिकाऊ विद्यार्थी त्यातून अनोळखी शब्द उचलून निबंधात घालतो तेव्हा वाक्य जड होते आणि बहुतेक वेळा चुकतेही.

रॉजे यांनी प्रस्तावनेत आपल्या आधीच्या अशा ग्रंथांची नोंद केली आहे, आणि त्यात सर्वांत जुना म्हणून नाव घेतले आहे अमरकोशाचे. हेन्री कोलब्रुक यांचे त्याचे इंग्रजी भाषांतर १८०८ मध्ये सेरामपूरला छापले गेले होते. अमरसिंहाचा हा तीन कांडांचा कोशही वर्णानुक्रम न पाळता स्वर्ग, भूमी, वनौषधी अशा वर्गांनी चालतो. तो पद्यात असल्याने महाराष्ट्रातल्या पाठशाळांत मुलांनी तो पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत केला. ग्रीक मूळ पाहता ‘थिसॉरस’ म्हणजे खजिना, आणि ‘कोश’ या संस्कृत शब्दाचाही एक अर्थ तोच.

पाठांतराची ही परंपरा इंग्रजीला जशीच्या तशी लावता येत नाही. परभाषेतले शब्द कसे शिकले जातात याचे संशोधक टिंकहॅम (१९९३) आणि वॉरिंग (१९९७) यांच्या प्रयोगांत असे दिसले की अर्थाने जवळचे नवे शब्द एकाच वेळी शिकवले तर शिकणाऱ्यांना ते लक्षात ठेवायला जास्त प्रयत्न लागतात, कारण ते एकमेकांत मिसळतात. पॉल नेशन यांनीही २००० मध्ये हाच इशारा दिला. याउलट स्टुअर्ट वेब यांच्या २००७ च्या अभ्यासात, ज्या नव्या शब्दाचा पर्याय विद्यार्थ्याला आधीच माहीत होता, तो शब्द शिकणे सोपे गेल्याचे आढळले. दोन्ही निष्कर्ष मिळून पद्धत ठरते: एक पाय ओळखीच्या शब्दावर घट्ट हवा, आणि नवा शब्द एका वेळी एकच. ‘हॅपी’चे दहा पर्याय एका रात्रीत घोकणारा विद्यार्थी मेहनतीत कमी पडत नाही, त्याला रस्ताच चुकीचा दाखवलेला असतो.

काही परीक्षांनीही आपले प्रश्न बदलले आहेत. अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरईमधून ऑगस्ट २०११ मध्ये सुट्या शब्दांचे विरुद्धार्थी प्रश्न गेले. आता एका प्रकारात सहा पर्यायांतून असे दोन शब्द निवडायचे असतात की दोन्ही वाक्यात बसतील आणि वाक्याचा अर्थ सारखा राहील. एकमेकांचे पर्याय असलेली पण त्या वाक्यात न बसणारी जोडी तिथे फसवते.

शब्दांतले फरक अनेक तऱ्हांचे असतात. सर्वांत महत्त्वाचा बोलणाऱ्याच्या मताचा. ‘फ्रुगल’ आणि ‘स्टिंजी’ दोघेही पैसे जपतात, पण पहिला काटकसरी आणि दुसरा कंजूष. ‘रेझोल्यूट’ म्हणजे निश्चयी, ‘ऑब्स्टिनेट’ म्हणजे हेकेखोर. वागणे कदाचित तेच, नाव ठेवणाऱ्याची नजर वेगळी. ‘स्मेल’ हा नुसता वास, ‘फ्रेग्रन्स’ सुवास, ‘स्टेंच’ दुर्गंधी, आणि ‘अरोमा’ स्वयंपाकघरातून किंवा कॉफीच्या कपातून येणारा. अशा जोड्यांना मराठीत शब्द इतके चोख सापडतात की फरक वहीत मराठीतच लिहून ठेवणे उत्तम. दुसरा फरक तीव्रतेचा: ‘अनॉइड’, ‘अँग्री’, ‘फ्युरिअस’ ही चिडणे, रागावणे, खवळणे अशी चढण आहे.

सोबतीच्या शब्दांचा फरक नियमाने सांगता येत नाही. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो; इंजिनाला मात्र ‘पॉवरफुल’ शोभते. आपणही चहा ‘कडक’ म्हणतो, ‘कठीण’ म्हणत नाही. अशा जोड्या वाचून आणि ऐकूनच अंगवळणी पडतात, म्हणून नवा शब्द एकटा टिपू नये, त्याच्या शेजाऱ्यासकट टिपावा.

उरतो व्याकरणाचा फरक, आणि मराठी भाषक सर्वांत जास्त अडखळतात ते इथे. ‘टॉक’नंतर ‘अबाउट’ लागते. त्याचा पर्याय म्हणून शिकलेल्या ‘डिस्कस’ला ते चालत नाही. पण आपल्या मनात ‘विषयावर चर्चा’ असते, तो ‘वर’ सुटत नाही, आणि ‘डिस्कस अबाउट’ तोंडी येते. ‘टेल मी’ बरोबर, म्हणून ‘एक्स्प्लेन मी’ही बरोबर असावे असे वाटते, कारण मराठीत ‘मला सांग’ आणि ‘मला समजाव’ यांची घडण एकच आहे. इंग्रजीत ‘एक्स्प्लेन’ला मधे ‘टू’ लागतो. दोन रकान्यांच्या यादीत हा ‘टू’ कुठेच दिसत नाही. तो दिसतो उदाहरणाच्या वाक्यात.