कोरड्या कालव्यातली मेट्रो: रोचेस्टर आणि ठाण्याचं वर्तुळ

ठाण्याच्या अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाने 16 ऑगस्ट 2024 रोजी मंजुरी दिली. 29 किमी मार्ग, 22 स्थानकं, त्यातली दोन भुयारी. अशा वेळी अमेरिकेतल्या रोचेस्टरचा इतिहास चाळून पाहावा. तिथल्या पालिकेने भुयारी रेल्वे बांधली, ती साडेअठ्ठावीस वर्षं चालली आणि मग सोडून दिली गेली.

सुरुवात झाली स्वस्तात मिळालेल्या जागेतून. बोटींच्या वाहतुकीचा ईरी कालवा गावाच्या मधून वाहायचा. नवा, मोठा कालवा शहराच्या दक्षिणेकडून काढल्यावर 1919 च्या सुमारास जुनं पात्र रिकामं झालं आणि पालिकेने ते घेतलं. बरीचशी खोदाई वाचली. तळाशी रूळ टाकले आणि मध्यभागात वर छत घालून त्यावर ब्रॉड स्ट्रीट हा रस्ता केला. जेनेसी नदीवर 1842 चा दगडी जलसेतू उभाच होता. कालव्याचं पाणी जायचं तिथून गाड्या जाऊ लागल्या आणि त्यांच्या डोक्यावर रस्त्याचा मजला चढला. झाकलेला भाग साधारण 3 किमी होता, बाकीच्या मार्गावर गाडी उघड्यावरच धावायची.

1 डिसेंबर 1927 ला सेवा सुरू झाली. आजूबाजूच्या गावांहून येणाऱ्या विजेच्या गाड्या रस्त्यावरून खाली उतरवायच्या आणि मालडबे एका रेल्वे कंपनीच्या मार्गावरून दुसरीच्या मार्गावर न्यायचे, हे दोन हेतू. त्यातला पहिला चार वर्षांत संपला: 1931 पर्यंत त्या बाहेरगावच्या गाड्याच बंद पडल्या. उरला शहरांतर्गत प्रवासी. पण कालव्याची वाट बोटींसाठी आखलेली, त्यामुळे घरापासून स्थानक लांब. युद्धकाळात पेट्रोल टंचाईने गर्दी वाढली, नंतर मोटारी आल्या आणि ती ओसरली. मार्ग पालिकेचा, चालवणारी कंपनी वेगळी, आणि तीच शहरात बसही चालवायची! रेल्वे वाढवण्यात तिला कसला रस असणार? 1952 मध्ये रविवारच्या फेऱ्या गेल्या, 30 जून 1956 ला प्रवासी सेवा थांबली. पूर्वेकडचा पट्टा द्रुतगती मार्गाखाली गेला. मालगाड्या मात्र एका तुकड्यावर 1996 पर्यंत चालत होत्या.

ठाण्याची आखणी या बाबतीत उजवी आहे. वागळे, लोकमान्य नगर, मानपाडा, वाघबीळ, कोलशेत, बाळकूम, राबोडी: मार्ग भरवस्तीतून जातो. काळजी वाटते ती जोडणीची. मेट्रो महामेट्रो या सरकारी कंपनीची, बस ठाणे पालिकेच्या टीएमटीची. स्थानकाच्या जिन्याखालीच बसथांबा हवा आणि बसची वेळ गाडीच्या वेळेला जुळायला हवी. थांबा पुढच्या चौकात राहिला, की भर पावसात माणूस थेट रिक्षाच धरतो.

रोचेस्टरचा खर्च मात्र सेवा थांबल्यावरही संपला नाही. भुयाराचं छत हाच रस्ता असल्याने त्याची डागडुजी पालिकेच्या गळ्यातच राहिली. बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ पाण्याबरोबर झिरपून काँक्रीटमधल्या सळया गंजल्या. शेवटी पश्चिमेकडचा काही भाग भराव घालून बुजवावा लागला.