यिडिश: वाहून आणलेली भाषा

ज्यूंची भाषा म्हणजे हिब्रू, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांची मायबोली मराठी, हे माहीत असूनही तो जात नाही. युरोपातले अश्केनाझी ज्यू मात्र जवळजवळ हजार वर्षं घरात, बाजारात, पाळण्यापाशी यिडिश बोलत आले. प्रार्थनेची हिब्रू ती ‘लोशन-कोदेश’, पवित्र भाषा. यिडिश ती ‘मामे-लोशन’, आईची बोली.

तिचा उगम साधारण दहाव्या शतकात, ऱ्हाईन नदीकाठच्या माइन्झ, वर्म्स, स्पायर या गावांच्या परिसरात झाला असं बहुतेक अभ्यासक मानतात. अंग जर्मन बोलींचं, धर्म-कायद्याचे शब्द हिब्रू आणि अरामी, लिपी हिब्रू. पुढे कत्तली आणि हकालपट्ट्यांमुळे हे लोक पूर्वेला पोलंड-लिथुआनियात सरकले आणि भाषेत स्लाव शब्द मिसळले. आजोबांसाठीचा ‘झेयदे’ तिथलाच. पुस्तकाला यिडिशमध्ये दोन शब्द आहेत. साधं पुस्तक ते ‘बुख’, जर्मनमधून आलेलं. धर्मग्रंथ तो ‘सेयफर’, हिब्रूतला. पोथी आणि पुस्तक यांतला फरक मराठी माणसाला वेगळा समजावून सांगायला नको.

यिडिशचं तारीख असलेलं सर्वांत जुनं वाक्य एका पोथीतच सापडतं. 1272 सालच्या वर्म्सच्या प्रार्थनाग्रंथात एक हिब्रू शब्द मोठ्या, पोकळ अक्षरांत काढला आहे आणि त्या पोकळीत बारीक अक्षरांत यमक साधून लिहिलं आहे: ही पोथी जो प्रार्थनागृहात वाहून नेईल, त्याचा दिवस चांगला जावो. ग्रंथ चांगला जाडजूड, कुणीतरी तो उचलून नेत असणार. भाषेची पहिली ओळख पटते ती त्या ओझेवाल्याला दिलेल्या आशीर्वादातून, हे मला फार मोलाचं वाटतं.

विद्वानांनी मात्र तिला कमीच लेखलं. बायका आणि हिब्रू न शिकलेले पुरुष यांच्यासाठीची भाषा, असं छापील पुस्तकांवरच लिहिलेलं असे. एकोणिसाव्या शतकात सुधारकही तिला ‘झार्गोन’, म्हणजे धेडगुजरी बोली म्हणत. मेंडेले मोखेर स्फोरिम यांनी 1864 मध्ये हिब्रू बाजूला ठेवून यिडिशमध्ये कथा लिहिली. त्यांच्यामागून शोलेम आलेखेम आणि पेरेत्स आले आणि अर्ध्या शतकात एक आधुनिक साहित्य उभं राहिलं. 1908 मध्ये चेर्नोव्हित्स शहरात भरलेल्या यिडिश भाषा परिषदेने यिडिश ही ज्यूंची ‘एक’ राष्ट्रभाषा आहे असा ठराव केला. ‘एकमेव’ म्हणायचं की नाही, यावर तिथे कडाक्याचे वाद झाले. 1925 मध्ये विल्ना शहरात (आजचं लिथुआनियातलं व्हिल्नियस) यिव्हो ही संशोधन संस्था रुजली आणि गावोगावचे साधे लोक म्हणी, गाणी, पत्रं गोळा करून तिथे पाठवू लागले.

दुसऱ्या महायुद्धाआधी यिडिश बोलणारे एक कोटीहून अधिक होते. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंपैकी बहुतेकांची ही भाषा होती.

विल्ना नाझींच्या हाती पडल्यावर यिव्होच्याच इमारतीत घेट्टोतल्या, म्हणजे कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या ज्यूंना कामाला लावलं गेलं. मौल्यवान पुस्तकं निवडून जर्मनीला पाठवायची, उरलेली कागदाच्या गिरणीत लगद्यासाठी द्यायची. कवी आब्राहम सुत्स्केव्हर आणि श्मेर्के काचेरगिन्स्की त्या टोळीत होते. संध्याकाळी परतताना ही माणसं कपड्यांच्या आत हस्तलिखितं दडवून आणत. घेट्टोच्या फाटकावर झडती होई. सापडलं तर मार, कदाचित मरणच. सुत्स्केव्हरांनी तर चुलीत जाळायला रद्दी हवी म्हणून परवानगी मिळवली आणि त्या रद्दीतून दुर्मीळ कागद बाहेर काढले. पोटाला अन्न नाही, आणि पोटाशी पत्रं बांधलेली! लोक त्यांना पेपर ब्रिगेड म्हणू लागले. बहुतेक जण युद्धातून वाचले नाहीत.

जे कागद वाचले त्यांच्यामागे नवी साडेसाती लागली. स्टालिनच्या राजवटीत विल्नाचं ज्यू संग्रहालय बंद झालं, कागदांवर पुन्हा नाशाची पाळी आली. तेव्हा आंतानास उल्पिस या लिथुआनियन ग्रंथपालाने ते एका जुन्या चर्चमध्ये दडवून ठेवले. ते स्वतः ज्यू नव्हते. तिकडे 12 ऑगस्ट 1952 रोजी मॉस्कोत यिडिश लेखक पेरेत्स मार्किश, दाविद बेर्गेलसन यांच्यासह तेरा जणांना गोळ्या घातल्या गेल्या. इस्राएलमध्ये हिब्रूचा आग्रह इतका की यिडिशला घरातच परकं व्हावं लागलं. तरीही सुत्स्केव्हरांनी 1949 मध्ये तेल अवीवमध्ये ‘दी गोल्देने केयत’ हे यिडिश नियतकालिक सुरू केलं आणि 1995 पर्यंत चालवलं.

आज ब्रुकलिन, अँटवर्प, लंडन, जेरुसलेम इथल्या हसिदी, म्हणजे कडव्या धार्मिक ज्यूंच्या वस्त्यांत मुलं यिडिशमध्येच भांडतात, खेळतात. त्यांच्या घरांत ‘सेयफर’ भरपूर, पण सुत्स्केव्हरांची कविता सहसा नसते. हे दुखतं, पण भाषा तिथेच नांदते आहे.

2017 मध्ये लिथुआनियात आणखी सुमारे 1,70,000 पानं सापडल्याचं जाहीर झालं. त्यांत घेट्टोत लिहिलेल्या सुत्स्केव्हरांच्या हस्ताक्षरातल्या कविता होत्या. कवी 2010 मध्येच गेले होते.