पार्श्वभूमी: रुंद तक्त्याचा आडवा स्क्रोल आणि वर न थांबणारा मथळा

उरण-द्रोणागिरीकडच्या कंटेनर यार्डाचा रोजचा तक्ता घ्या. कंटेनर नंबर, आकार, शिपिंग लाइन, सील नंबर, ट्रेलर नंबर, गेट-इन, गेट-आउट, वजन, यार्डातली जागा, बिल ऑफ एंट्री, मग पैशांचे रकाने आणि शेवटी शेरा. चोवीस रकाने धरले आणि प्रत्येकाला सरासरी ११० पिक्सेल दिले, तर तक्ता २,६४० पिक्सेल रुंद होतो. ऑफिसातला साधा लॅपटॉप १,३६६ पिक्सेलचा असतो. ॲडमिन पॅनलची (कारभाराच्या नोंदी ब्राउझरमध्ये पाहण्या-बदलण्याच्या वेबपानांची) डावी मेनूपट्टी २५० खाते आणि उरतात १,११६. म्हणजे एका वेळी निम्म्याहून कमी तक्ता दिसतो. वाशीच्या बाजार समितीतल्या गाळ्याचा हिशेब असो की वागळे इस्टेटमधल्या कारखान्याचा स्टॉक, गणित फारसे बदलत नाही. महापे-ऐरोलीच्या पट्ट्यात असे पॅनल बनवणाऱ्यांकडे येणारी मागणी एका वाक्याची असते: ‘एक्सेलसारखं फ्रीझ करून द्या.’

या ‘फ्रीझ’मध्ये तीन मागण्या असतात. मथळ्याची ओळ वर थांबावी, पहिला रकाना डावीकडे थांबावा, आणि तक्ता सरकताना बाकीचे पान हलू नये. संगणकावर ही सवय वेबच्या आधीची आहे. १९७९ च्या व्हिजिकॅल्क या स्प्रेडशीटमध्येच मथळे जागेवर धरण्याची आज्ञा होती. त्याही आधी छापील खतावणीत पान उलटले तरी मथळे वर असायचेच. त्यामुळे वापरणाऱ्याला ही सोय खास वाटत नाही. ती नसली की तक्ता मोडका वाटतो, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे.

वेबवर हे सुरुवातीपासून मिळेल असे वाटत होते. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० (वेबपानाची रचना लिहिण्याची भाषा) मध्ये तक्त्याचे टीहेड (मथळा), टीबॉडी (मधल्या ओळी) आणि टीफूट (तळ) असे भाग करण्याची दोन कारणे दिली आहेत: ब्राउझरला मथळा आणि तळ जागेवर ठेवून मधला भाग सरकवता यावा, आणि छापताना मथळा प्रत्येक पानावर पुन्हा यावा. पण ‘यावा’ म्हणजे ब्राउझरने हवे तर करावे. सक्ती नव्हती. फायरफॉक्स ३.६ पर्यंत टीबॉडीला उंची आणि ओव्हरफ्लो: ऑटो (मावत नसेल तर स्क्रोल) दिले की मधला भाग खरोखर सरकायचा. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ते चालत नसे. तिथे सीएसएसमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत) एक्सप्रेशन, म्हणजे सतत पुन्हा मोजले जाणारे सूत्र, लिहून मथळ्याचा टॉप (वरून अंतर) दर क्षणी स्क्रोलच्या अंतराएवढा केला जाई, आणि दोन-तीनशे ओळींच्या तक्त्याला उचक्या लागत. आठव्या आवृत्तीने २००९ मध्ये स्टँडर्ड मोडमधून (नियमांनुसार पान दाखवण्याच्या पद्धतीतून) एक्सप्रेशन काढून टाकले. मार्च २०११ मध्ये फायरफॉक्स ४ ने टीबॉडीचा स्क्रोलही काढला, कारण सीएसएस २.१ च्या मजकुरानुसार ओव्हरफ्लो ओळींच्या गटाला लागूच होत नाही. नियमाच्या दृष्टीने ते चूक नव्हते. पण चालू असलेली सोय बदली दिल्याशिवाय गेली, आणि पुढची सहा वर्षे सगळ्यांनी जुगाडावर काढली.

तो जुगाड म्हणजे दोन टेबले. वरच्या टेबलात फक्त मथळा, खालच्यात माहिती, आणि खालचे टेबल आडवे सरकले की जावास्क्रिप्टने (पानात चालणाऱ्या प्रोग्रामने) वरच्याचे स्क्रोललेफ्ट, म्हणजे आडवे सरकलेले अंतर, तेवढेच करायचे. अनेक तयार ग्रिड (तक्ता दाखवणारे तयार घटक) आजही आतून हेच करतात, म्हणून त्याच्या खोडी माहीत असाव्यात. खालच्या टेबलाला उभा स्क्रोलबार आला की विंडोजवर साधारण १७ पिक्सेल जातात आणि शेवटचा रकाना तेवढा चुकतो. यावर मथळ्याच्या उजवीकडे तेवढीच रिकामी जागा सोडतात. पण २०११ च्या मॅक ओएस दहा लायनपासून मॅकवर ट्रॅकपॅड वापरताना स्क्रोलबार जागा न घेता वर तरंगतात, तिथे हेच १७ पिक्सेल जास्तीचे होतात. म्हणून ही संख्या कोडमध्ये न लिहिता चौकटीच्या ऑफसेटविड्थमधून (पूर्ण रुंदीतून) क्लायंटविड्थ, म्हणजे स्क्रोलबार सोडून आतली रुंदी, वजा करून काढायची (बॉर्डर असेल तर तीही वजा करून). दुसरी खोड बंद टॅबची. न दिसणाऱ्या टॅबमधल्या टेबलाची रुंदी शून्य मोजली जाते, टॅब उघडला की मथळे एका कोपऱ्यात गोळा झालेले दिसतात. टॅब उघडल्यावर रुंद्या पुन्हा मोजायला लावणे हाच उपाय. तिसरी खोड मराठी पॅनलमध्ये जास्त दिसते: देवनागरी वेबफाँट (पानासोबत इंटरनेटवरून उतरणारा अक्षरसंच) उशिरा पोचतो. रुंद्या आधीच्या फाँटवर मोजल्या जातात, खरा फाँट आल्यावर ‘मालमत्ताधारकाचे नाव’ वेगळी जागा घेते आणि रकाने घसरतात. मोजणी फाँट आल्यानंतरच करावी.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये बूटस्ट्रॅप ३ हा तयार सीएसएसचा संच आला आणि टेबल-रिस्पॉन्सिव्ह हा वर्ग घरोघरी पोचला. टेबलाभोवती एक डिव्ह (साधी चौकट), त्याला आडवा स्क्रोल, ७६८ पिक्सेलखालच्या पडद्यांसाठी. फोनपुरते काम झाले. पण हा डिव्ह उभ्या दिशेनेही कापत असल्यामुळे शेवटच्या ओळीतला ‘कृती’ ड्रॉपडाउन उघडला की अर्धा गायब व्हायचा. ही तक्रार पुढच्या मोठ्या प्रश्नाची पहिली खूण होती, तेव्हा कोणी तशी वाचली नाही.

२०१७ मध्ये दोन गोष्टी पाठोपाठ आल्या. जानेवारीत क्रोम ५६ ने पोझिशन: स्टिकी (स्क्रोल झाले तरी घटक कडेला थांबवणारा गुणधर्म) दिले. त्याआधी क्रोमने चाचणीपुरता दिलेला आधार २०१४ मध्ये काढून घेतला होता, आणि त्याच वर्षी फायरफॉक्स ३२ ने तो दिला होता. १ जुलैला जीएसटी लागू झाला आणि बिलांचे तक्ते एका रात्रीत रुंदावले: १५ अक्षरांचा जीएसटीआयएन (कर-नोंदणी क्रमांक), एचएसएन कोड (मालाच्या वर्गाचा), करपात्र रक्कम, आणि सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी या प्रत्येकाचा दर व रक्कम. नुसत्या कराचे सहा रकाने. ज्यांचे तक्ते तोवर कसेबसे मावत होते, त्यांनाही आडवा स्क्रोल घ्यावा लागला. टीएचला (मथळ्याच्या पेशीला) पोझिशन: स्टिकी आणि टॉप: ० दिले की मथळा थांबतो, असे सगळीकडे सांगितले जात होते. आडवा स्क्रोल असलेल्या तक्त्यात मात्र तो थांबत नव्हता.

मूळ प्रश्न इथे आहे. ओव्हरफ्लोच्या नियमात एक कलम आहे: आडव्या आणि उभ्या दिशांपैकी एका दिशेला ऑटो, स्क्रोल किंवा हिडन दिले, तर दुसऱ्या दिशेचे व्हिजिबल हे व्हिजिबल राहत नाही, त्याचे ऑटो होते. तुम्ही फक्त ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो लिहिता. ब्राउझरच्या लेखी ती चौकट दोन्ही दिशांनी सरकणारी होते. आता स्टिकीचा नियम पाहा. थांबणारी पेशी आपल्या वरच्या पूर्वजांपैकी (ज्या घटकांच्या आत ती आहे त्यांपैकी) सर्वांत जवळच्या सरकणाऱ्या चौकटीला धरते. ती चौकट त्या दिशेने प्रत्यक्षात सरकते की नाही, हे पाहिले जात नाही. चौकटीला उंचीची मर्यादा नसेल तर ती तक्त्याइतकीच उंच होते, तिच्यात उभे सरकायला काही उरतच नाही. सरकते ते पान. मथळा प्रामाणिकपणे चौकटीच्या माथ्याला चिकटलेला असतो, आणि चौकटीसकट वर निघून जातो.

या कलमाच्या बाजूने मुद्दा आहे. सरकणारी चौकट म्हणजे मजकूर कडेला कापणारी चौकट. एका दिशेने कापायचा आणि दुसऱ्या दिशेने बाहेर सांडू द्यायचा, तर सांडलेला भाग आडवा सरकताना कुठे कापायचा, याचे सरळ उत्तर नाही. विरुद्ध बाजूचे म्हणणे असे की माहितीच्या तक्त्याला नेमके हेच हवे असते: आडवे त्याने स्वतः सरकावे, उभे पानाने. कलमाचा तर्क पटतो, पण त्याचा सगळा भार तक्त्यांवर पडला हेही खरे. शिवाय ही बाब कुठेही चूक म्हणून दिसत नाही. ब्राउझरच्या चुका दाखवणारा कन्सोल शांत असतो. तपासायचे असेल तर टीएच निवडून डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरच्या तपासणी-खिडकीत) एकेक पायरी वर जात प्रत्येक पूर्वजाची कॉम्प्युटेड, म्हणजे प्रत्यक्ष लागू झालेली, ओव्हरफ्लो पाहायची. व्हिजिबल किंवा क्लिप याखेरीज काही दाखवणारा पहिला घटक हाच मथळ्याचा मालक. पुष्कळदा तो आपला रॅपरही (टेबलाभोवतीचा डिव्ह) नसतो. गोल कोपऱ्यांसाठी तक्त्याबाहेरच्या कार्डाला दिलेले ओव्हरफ्लो: हिडन असते.

त्या कार्डापुरता उपाय २०२०-२१ मध्ये आला. ओव्हरफ्लो: क्लिप कापते, पण सरकणारी चौकट तयार करत नाही. फायरफॉक्स ८१ आणि क्रोम ९० मध्ये ते आले, सफारीत १६ व्या आवृत्तीत. अनेकांना वाटले की आता एक्स: ऑटो आणि वाय: क्लिप लिहिले की सुटलो. तसे होत नाही. दुसरी दिशा ऑटो असेल तर क्लिपचे हिडन होते आणि चौकट पुन्हा सरकणारीच ठरते.

मग उरतात दोन रस्ते. पानाचा स्क्रोल ठेवायचा आणि मथळ्याची प्रत पानाला चिकटवून जावास्क्रिप्टने आडवी जुळवायची, म्हणजे पुन्हा दोन टेबलांचा संसार. किंवा उभा स्क्रोलही चौकटीलाच देऊन टाकायचा. ॲडमिन पॅनलसाठी दुसराच रस्ता योग्य आहे. तक्त्याच्या पानावर तक्ता हेच काम असते, आणि चौकट पडद्याएवढी राहिली की आडवा स्क्रोलबारही कायम डोळ्यांसमोर राहतो. नाहीतर तो पाचशे ओळींच्या तळाशी असतो आणि लोक आधी खाली, मग उजवीकडे, मग पुन्हा वर असे फिरत बसतात.

करताना मॅक्स-हाइट: १००व्हीएच (पडद्याची पूर्ण उंची) वजा १८४ पिक्सेल असे आकडे लिहू नयेत. वरची पट्टी ६४, फिल्टर ७२, पानांकन ४८ हा हिशेब आज जुळतो, पण फिल्टरची दुसरी ओळ आली की मोडतो. पान डिस्प्ले: फ्लेक्स (घटकांत जागा वाटून देणारी मांडणी), दिशा कॉलम, उंची पडद्याएवढी. चौकटीला फ्लेक्स: १, मिन-हाइट: ० आणि ओव्हरफ्लो: ऑटो. पान आणि चौकट यांच्यामध्ये आणखी फ्लेक्स-घटक असेल तर मिन-हाइट: ० त्यालाही द्यावे, विसरले तर तो आकसायला नकार देतो. मेनूपट्टी आणि मजकूर शेजारी ठेवणाऱ्या आडव्या फ्लेक्समध्ये तसेच मिन-विड्थ: ० लागते, नाहीतर २,६४० पिक्सेलचा तक्ता अख्खे पान ताणतो आणि वरच्या पट्टीतले लॉगआउट बटण पडद्याबाहेर जाते. सीएसएसची ग्रिड मांडणी वापरत असाल तर नुसत्या १एफआरऐवजी (उरलेल्या जागेचा एक वाटा) मिनमॅक्स(०, १एफआर). ६४० पिक्सेल उंचीच्या दृश्यभागात वरचे १८४ आणि मथळ्याचे ४४ गेले की ३६ पिक्सेलच्या ११ ओळी दिसतात. हे कमी वाटत असेल तर फिल्टर मिटवता येण्याजोगे करावेत, ओळी चेपू नयेत. रोमनला पुरणारी १.२ ची लाइन-हाइट (ओळीची उंची) देवनागरीला पुरत नाही. पेशीला ओव्हरफ्लो: हिडन असले की ‘कार्यवाही’चा रफार किंवा ‘गोंविंद’सारख्या टंकनचुकीतला अनुस्वार कापला जातो, आणि चूक आहे की नाही हेच कळत नाही. १.५ च्या खाली जाऊ नये.

टेबलाच्या आतले स्टिकीही उशिरा सुधारले. फायरफॉक्सने ५९ व्या आवृत्तीत, मार्च २०१८ मध्ये, टेबलाच्या घटकांना आधार दिला. क्रोममध्ये मे २०२१ च्या ९१ व्या आवृत्तीपर्यंत स्टिकी टीहेडला देऊन उपयोग नसे, प्रत्येक टीएचला द्यावे लागे. जुन्या कोडमध्ये तसे दिसले तर ते घाण म्हणून पुसू नका, चालू द्या. बॉर्डर-कोलॅप्स: कोलॅप्स (शेजारच्या पेशींच्या रेषा एकत्र करणे) असेल तर रेषा टेबलाच्या मालकीच्या राहतात, पेशी थांबते आणि तिच्या रेषा सरकून जातात. सेपरेट आणि बॉर्डर-स्पेसिंग: ० करून रेषा पेशीच्या एकाच बाजूला द्याव्यात. थांबणाऱ्या पेशीला अपारदर्शक पार्श्वभूमी हवीच, एकाआड एक रंगाच्या ओळींत पहिल्या रकान्यालाही तोच रंग. झेड-इंडेक्स (कोण कोणाच्या वर दिसेल तो क्रम): पहिला रकाना १, मथळा २, दोन्हींच्या छेदातली कोपऱ्याची पेशी ३. दुसरा रकानाही थांबवायचा तर त्याचा लेफ्ट म्हणजे पहिल्याची नेमकी रुंदी, म्हणून पहिल्याची रुंदी ठरवून द्यावी लागते. कंटेनर नंबर ४ अक्षरे आणि ७ अंकांचा असतो, त्याला १४सीएच (१४ अंकांएवढी रुंदी) आणि नोरॅप (ओळ न मोडणे) पुरते. दोनांपेक्षा जास्त रकाने थांबवले की फोनवर सरकायला जागाच उरत नाही.

ट्रॅकपॅडवर तक्ता डावीकडच्या टोकाला नेताना ब्राउझर मागच्या पानावर जातो आणि भरलेले फिल्टर जातात. चौकटीला ओव्हरस्क्रोल-बिहेव्हिअर-एक्स: कंटेन द्यावे. कीबोर्डसाठी चौकटीला टॅबइंडेक्स ० (टॅबच्या कळीने तिच्यावर पोचता यावे म्हणून), रीजन ही भूमिका आणि मराठीतच एक नाव द्यावे. फायरफॉक्स सरकणाऱ्या चौकटीवर आपणहून फोकस नेत असे, क्रोमने ते ऑक्टोबर २०२४ च्या १३० व्या आवृत्तीपासून सुरू केले. टेबलालाच डिस्प्ले: ब्लॉक देऊन सरकवण्याची युक्ती टाळावी, जुन्या ब्राउझरांत त्याने स्क्रीन रीडरला (पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) तक्ता तक्ता म्हणून कळत नसे. हजारो ओळींसाठी फक्त दिसणाऱ्या ओळी बनवणारा व्हर्च्युअल स्क्रोल वापरतात. त्याने कंट्रोल-एफ निकामी होते, म्हणून पॅनलचा स्वतःचा शोध आधी चांगला करावा.

आणि छपाई. या पट्ट्यातली कितीतरी ऑफिसे संध्याकाळी तक्त्याचा कागद काढून सही घेतात. चौकटीत बंद तक्ता छापला तर पडद्यावर दिसणाऱ्या अकरा ओळीच कागदावर येतात, बाकीच्या कापल्या जातात. प्रिंटच्या सीएसएसमध्ये पानाची आणि चौकटीची उंची ऑटो, दोघांचाही ओव्हरफ्लो व्हिजिबल, थांबणाऱ्या पेशींना पोझिशन: स्टॅटिक, कागद आडवा ए४, आणि न लागणारे रकाने लपवायचे. एवढे केले की टीहेड प्रत्येक पानाच्या माथ्यावर आपोआप पुन्हा छापला जातो, १९९७ च्या मजकुरात म्हटले होते तसा.